गेममधला सिग्नल खरा कधी वाटतो?

लूपलाइन

कोणत्या गेममधला सिग्नल सगळ्यात खरा, हा वाद सुरू झाला की स्क्रीनशॉट पडायला लागतात. हुडवर बसलेली धूळ, शिडीचा गंज, पावसात लेन्सवरून ओघळणारं पाणी. हे देखणं असतं आणि त्यामागची मेहनतही मोठी असते. तरी मला वाटतं, आपण बघायचं ते बघतच नाही. दिवा हा शेवटचा निरोप. तो लागण्याआधी पुढची लाइन रिकामी आहे का, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ) हव्या त्या बाजूला पूर्ण बसलेत का, त्यांना कुलूप लागलंय का, तोच रस्ता दुसऱ्या कुठल्या गाडीला दिलेला नाही ना, एवढं सगळं तपासून झालेलं असतं. गेम ही तपासणी करत असेल तर दिवा चार पिक्सेलचा असला तरी मला चालतो.

म्हणून माझं मत: ओपनटीटीडी. १९९४ च्या ट्रान्सपोर्ट टायकूनच्या वंशातला, वरून तिरका दिसणारा, खेळण्यातल्यासारखा गेम. त्यातला पाथ सिग्नल एरवी लालच असतो. गाडी जवळ आली की ती पुढचा रस्ता मागते, तो रस्ता रुळाच्या तुकड्यागणिक तिच्या नावावर राखला जातो आणि मगच हिरवा मिळतो. त्याच जंक्शनवरून दुसरी गाडी जाऊ शकते, पण दोघींचे रस्ते कुठेही एकमेकांना छेदत नसतील तरच. गाडीचं शेपूट सरकेल तसे मागचे तुकडे मोकळे होतात. मोठ्या स्टेशनच्या रिले इंटरलॉकिंगमध्ये (सिग्नल आणि सांधे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या यंत्रणेत) रूट, म्हणजे गाडीसाठी राखलेला रस्ता, लागतो आणि सुटतो, त्यातलं मुख्य तत्त्व हेच.

याउलट कॅबमधून खेळायच्या बऱ्याच सिम्युलेटरमध्ये सगळी दुनिया तुमच्या एका गाडीभोवती फिरते. सिनॅरिओ लिहिणाऱ्याने ठरवलं म्हणून तुम्हाला लाल लागतो. तुमच्यामागे कुणी अडकलेलं नसतं, समोरच्या गाडीला उशीर झाला म्हणून काही बदलत नाही. कॅबमधलं सगळं अस्सल असूनही मला त्या लालचं वजन जाणवत नाही.

ओपनटीटीडीत खोटं काय, तेही सांगतो. मूळ गेममध्ये लाल दिसला की भरधाव गाडी जागच्या जागी थांबते. ब्रेक लागायला अंतर लागतं, हे गेमला ठाऊकच नाही, त्यामुळे पिवळ्याची गरजही नाही. आणि ओव्हरलॅप नाही. आपल्याकडे रंगीत दिव्यांच्या सिग्नलपुढे १२० मीटर आणि जुन्या दोन स्थितींच्या हाताच्या सिग्नलपुढे १८० मीटर लाइन मोकळी धरतात, कारण ड्रायव्हरचा अंदाज थोडा चुकून गाडी सिग्नलच्या पुढे सरकली तरी ती कशावर आदळू नये. गेममधली गाडी सिग्नलला नाक लावून उभी राहते आणि तिच्या नाकासमोरून दुसरी आडवी जाते. प्रत्यक्षात असं यार्ड कुणी मंजूर करणार नाही.

तुमच्या पाहण्यातल्या गेममध्ये दिव्यामागचं काय काय आहे, ते लिहा. नुसतं दिसण्याबद्दल नको.

चेनसिग्नल

ब्रेकच्या अंतराबद्दल लिहिलंत म्हणून फॅक्टोरिओ सुचवतो. गेम कारखाने उभारण्याचा, पण त्यातली गाडी आपल्या वेगाप्रमाणे किती लांब थांबू शकेल ते सतत मोजते आणि तेवढ्या अंतरातले ब्लॉक (सिग्नलांमधले रुळाचे तुकडे) आधीच राखून ठेवते. राखलेल्या ब्लॉकचा सिग्नल पिवळा होतो. म्हणजे इथला पिवळा ड्रायव्हरला सावध करत नाही, तो 'हा ब्लॉक येणाऱ्या गाडीला गेला' असं बाकीच्यांना सांगतो. रंगाचा अर्थ वेगळा, तरी हिशेब अगदी बरोबर.

चेन सिग्नल तर जंक्शन अडवू नये यासाठीच आहे. पुढून बाहेर पडायला जागा असेल तरच आत ये. पुढच्या काही वाटा खुल्या आणि काही बंद असतील तर तो निळा होतो. असा निळा जगात कुठे नसेल, पण 'निघायला जागा नसेल तर सांध्यावर उभं राहू नये' ही शिस्त मला या गेमनेच शिकवली.

रिलेरूम

मी सिग्नल आणि दूरसंचार खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. मुलाने सिमसिग दाखवलं तेव्हापासून संध्याकाळी खेळतो. हे ब्रिटिश सिग्नल केबिनचं सिम्युलेटर आहे. पडद्यावर फक्त रेषा आणि ठिपके. पण लूपलाइन, तुम्ही म्हणता ते 'दिव्यामागचं' इथे भरपूर आहे.

तिथे आधी सुरुवातीच्या सिग्नलवर क्लिक करायचं, मग शेवटच्या. आमच्या पॅनलवर सिग्नलचं बटन आणि रूटचं बटन एकदम दाबावं लागायचं. पुढचं सारखंच. सांधे फिरतात, रूट लागला की पट्टी पांढरी उजळते, गाडी आली की ती लाल होते. हे होताना जो वेळ जातो तो मला महत्त्वाचा वाटतो. मोटरचा सांधा फिरून कुलूप बसायला चार-पाच सेकंद जातात. बहुतेक गेममध्ये सांधा टिचकीसरशी फिरतो, किंवा फिरताना दिसतच नाही.

सिमसिगमधली सर्वात खरी गोष्ट म्हणजे रूट परत घेताना होणारी अडचण. गाडी सिग्नलच्या जवळ आली आहे आणि तुम्ही मन बदललं. सिग्नल लगेच लाल होतो, पण रूट सुटत नाही. ड्रायव्हरने आधीचा हिरवा पाहिलेला असतो आणि तो थांबू शकेलच असं नाही, म्हणून सांधे ठरावीक वेळ जखडलेले राहतात. आपल्याकडे हा वेळ साधारण १२० सेकंदांचा. नवे खेळाडू विचारतात की क्लिक केलं तरी रूट का जात नाही, गेम अडकला का. गेम बरोबर चाललाय. या दोन मिनिटांत स्टेशन मास्तरला फोनवर फोन यायचे आणि काहीही करता यायचं नाही. आणीबाणीत रूट सोडवायचा तर काउंटर एकाने पुढे सरकतो आणि तो आकडा वहीत कारणासकट लिहावा लागतो. ही वही मात्र मला कुठल्याच गेममध्ये सापडली नाही.

दुसरं, सांध्याची तपासणी. सांध्याची जीभ आणि मूळ रूळ यांच्यात ५ मिलिमीटरची पट्टी घालून आम्ही सांधा फिरवून बघायचो. पट्टी असताना कुलूप बसता कामा नये आणि सिग्नल मिळता कामा नये. पाच मिलिमीटर! गिट्टीचा एक खडा अडकला तरी गाडी थांबते आणि प्रवासी खात्याला शिव्या देतात, पण ती यंत्रणा आपलं काम करत असते. गेममध्ये सांध्याचा बिघाड 'बिघाड झाला' अशा एका ओळीत येतो आणि थोड्या वेळाने जातो. पाऊस पडत असताना रात्री हातदिवा घेऊन दीड किलोमीटर चालत जाणारा माणूस त्यात नसतो.

ही कुलुपं कशासाठी असतात ते बालासोरजवळच्या बहानगा बाजारला २ जून २०२३ ला दिसलं. कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल मेन लाइनचा होता आणि सांधा लूपकडे, म्हणजे बाजूच्या लाइनकडे, होता. लूपवर मालगाडी उभी होती. चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलांतल्या त्रुटी पुढे आल्या. सिग्नल आणि सांधा यांनी कधीही दोन वेगळी उत्तरं द्यायची नाहीत, आमच्या खात्याचं सगळं काम या एका गोष्टीसाठी असतं. म्हणून गेममध्ये सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे दिसला की मला त्याकडे ग्राफिक्सची चूक म्हणून बघता येत नाही.

पिवळा_पिवळा

रिलेरूम काका, तुमचा प्रतिसाद मी सेव्ह करून ठेवलाय.

मी ओपन रेल्समध्ये भारतीय मार्गांवर काम करतो, म्हणून थोडं आतलं लिहितो. ओपन रेल्स हा २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरचा मुक्त वारसदार. त्यातला सिग्नल दोन फायलींत राहतो. एकीत दिव्यांची रचना, दुसरीत स्क्रिप्ट. आतून फक्त आठ स्थिती उपलब्ध असतात, पूर्ण थांब्यापासून पूर्ण मोकळ्यापर्यंत. आपले लाल, पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा यांना या आठांतल्या जागा द्यायच्या. इथवर सोपं आहे, ब्रिटनमध्येही दोन पिवळे असल्यामुळे तयार स्क्रिप्ट मिळतात.

घोळ होतो तो लूपमध्ये घेताना. आपल्याकडे गाडी लूपवर घ्यायची असेल तर होम सिग्नल (स्टेशनात शिरतानाचा) पिवळा लागतो, वर रूट इंडिकेटरच्या पाच पांढऱ्या दिव्यांची तिरपी रांग पेटते, आणि मागचा डिस्टंट (होमची आधीच सूचना देणारा सिग्नल) दोन पिवळे दाखवतो. ड्रायव्हरला लांबूनच कळतं की पुढे वेग उतरवायचा आहे. ब्रिटिश पद्धतीत बऱ्याच ठिकाणी जंक्शनचा सिग्नल गाडी जवळ येईपर्यंत लालच धरून ठेवतात, किंवा मागे लुकलुकणारे पिवळे देतात. तिकडची स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलली तर कोकणातल्या एखाद्या स्टेशनात शिरताना होम शेवटपर्यंत लाल दिसतो आणि ऐनवेळी पिवळा होतो. दिवे आपले, खांब आपला, पाटीवरचं स्टेशनचं नाव आपलं, आणि वागणं मात्र इंग्लंडातलं. खेळणाऱ्या बहुतेकांना हे जाणवत नाही, पण ज्याने इंजिनात काम केलंय तो पहिल्याच स्टेशनला विचारतो.

कॉलिंग-ऑनचंही (मुख्य सिग्नल लाल असताना गाडीला सावकाश आत बोलावणाऱ्या सिग्नलचं) तसंच. मुख्य सिग्नलखाली 'सी' लिहिलेला छोटा पिवळा दिवा आम्ही बसवतो, पण तो पेटवायचा कधी, हे ठरवायला समोर सिग्नल देणारा माणूस नाही. त्यामुळे तो शोभेपुरता उरतो. शंटिंगच्या दोन पांढऱ्या दिव्यांची गत थोडी बरी आहे, आडवे (थांबा) ते तिरपे (चला) एवढं तरी नीट होतं.

लोकलवाली

माझे बाबा मोटरमन होते. त्यांना मी फोनवरचे लोकलचे दोन-तीन गेम दाखवले. डबे, हॉर्न, स्टेशनची घोषणा यांवर ते खूष झाले. मग म्हणाले, 'यात ए कुठाय?'

उपनगरी मार्गावर बहुतेक सिग्नल स्वयंचलित असतात, त्यांच्या खांबावर 'ए' ची गोल पाटी असते. मुंबईत व्हीटी ते भायखळा हे स्वयंचलित रंगीत दिवे १९२८ मध्ये आले, देशात पहिल्यांदाच. अशा सिग्नलला लाल असेल तर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, आणि मग अगदी सावकाश, समोर बघत पुढे जायचं, कारण पुढे गाडी उभी आहे असंच धरून चालायचं असतं. पाटी नसेल तर परवानगीशिवाय हलायचं नाही. दिवा तोच लाल, पण खांबावरच्या एका पाटीने त्याचा हुकूम बदलतो. गेममध्ये लाल ओलांडला की एकच गोष्ट होते, खेळ संपतो.

बाबांना सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळी होती. गेममध्ये सिग्नल चुकला तर 'पुन्हा प्रयत्न करा' येतं. त्यांच्या नोकरीत लाल ओलांडणं म्हणजे गाडीवरून लगेच उतरवलं जाणं आणि पुढे चौकशी. ही भीती घेऊन ते रोज गाडी चालवत होते. सिग्नल दिसला की तो मोठ्याने उच्चारायची सवय घरी रस्त्यावरच्या सिग्नललाही सुटली नाही.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितोय. झुसी नावाचं इथलं सिम्युलेटर आहे, दिसायला साधं. पण त्यातली पीझेडबी, म्हणजे ड्रायव्हरवर लक्ष ठेवून गरज पडली तर ब्रेक लावणारी यंत्रणा, मी आजवर खेळलेल्या सगळ्या सुरक्षा यंत्रणांत अस्सल आहे.

सावधान दाखवणाऱ्या डिस्टंट सिग्नलपाशी रुळाकडेला १००० हर्ट्झचं चुंबक असतं. त्यावरून गेलात की ४ सेकंदांत बटन दाबून 'पाहिलं' असं कळवायचं. तिथून पहारा सुरू. जलद प्रवासी गाडी असेल तर २३ सेकंदांत वेग ८५ च्या खाली यायला हवा. पुढे मुख्य सिग्नलच्या अलीकडे ५०० हर्ट्झचं चुंबक वेग आणखी आवळतं, आणि लाल सिग्नलपाशी २००० हर्ट्झचं. ते ओलांडलं की गाडी स्वतःच ब्रेक मारते. डिस्टंट मागे पडल्यावर पुढचा सिग्नल हिरवा झालेला डोळ्यांना दिसत असतो, तरी यंत्रणा तुम्हाला लगेच पळू देत नाही. ती घुसमट झुसीत हुबेहूब आहे.

ट्रेन सिम वर्ल्डमध्येही पीझेडबी आहे आणि ब्रिटिश मार्गांवर एडब्ल्यूएस ही कॅबमध्ये इशारा देणारी यंत्रणा आहे. हिरव्याला घंटी, बाकी रंगांना भोंगा, आणि पोच दिली की काळ्या-पिवळ्या पाकळ्यांची, 'सूर्यफूल' म्हणतात ती तबकडी. लूपलाइन यांचा मुद्दा मान्य, बाकीच्या गाड्या तिथे देखाव्यासारख्या असतात. पण कॅबच्या आतल्या उपकरणांबाबत त्या गेमला कमी लेखू नये.

कर्जत_पुढे

कुणी बोर घाटाचं बोललं नाही म्हणून लिहितो. १ ला ३७ चा चढ. पुण्याकडे जाताना कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, ती अनेक गेममध्ये बघायला मिळतात, कारण ती दिसायला भारी आहेत. उतरताना मात्र सगळा खेळ सिग्नल आणि कॅच सायडिंगचा असतो. सांधा मुळात कॅच सायडिंगकडेच लावलेला, म्हणजे ब्रेक गेलेली गाडी आपोआप डोंगराकडच्या चढाच्या रुळावर जाईल. घाट उतरणारी गाडी आधी थांबून दाखवते. ती ताब्यात आहे याची खात्री पटली की मगच सांधा मेन लाइनला लागतो आणि सिग्नल मिळतो. मंकी हिलला, ठाकुरवाडीला गाडी उगाच थांबली असं डब्यातल्या लोकांना वाटतं, ते याचसाठी.

खेळ म्हणून यापेक्षा चांगलं काय हवं? ब्रेकचा दाब राखत उतरायचं, ठरल्या जागी थांबायचं, आणि नाही जमलं तर गाडी कुठे जाणार हे समोर दिसत असतं. मी खेळलेल्या घाटाच्या गेममध्ये मात्र उतारावर हिरवे दिवे ओळीने लागलेले असतात आणि आपण धबधबे बघत खाली येतो.

लूपलाइन

कर्जत_पुढे, हे ओपन रेल्समध्ये स्क्रिप्टने जमेल का? गाडी सिग्नलपाशी अमुक वेळ थांबली तरच सोडायची, अशी अट?

लोकलवाली, 'ए' च्या पाटीबद्दल तुम्ही लिहिलंत ते या धाग्यातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटलं. मी यंत्रणेच्या बाजूनेच विचार करत होतो. दिवा लागण्याआधी किती तपासलं जातं हा एक भाग, आणि दिवा दिसल्यावर माणसाने काय करायचं याचे नियम हा दुसरा. विझलेला सिग्नलसुद्धा नियमाने थांबाच असतो. गेम पहिला भाग कधीकधी करतात, दुसरा जवळजवळ सगळेच सोडून देतात.

पिवळा_पिवळा

गाडी सिग्नलपासून किती अंतरावर आहे आणि तिचा वेग किती, हे दोन्ही स्क्रिप्टला विचारता येतं. त्यामुळे 'जवळ आली आणि वेग जवळपास शून्य झाला की सोड' हे जमायला हवं. सांधा मात्र गाडीच्या ठरलेल्या मार्गाप्रमाणेच लागतो, तो आधी सायडिंगकडे ठेवून नंतर वळवणं अवघड. सिग्नल तरी खरा करून बघतो. कर्जत_पुढे, सिग्नलच्या जागा आणि क्रम सांगायला मदत कराल का?

कर्जत_पुढे

नक्की. गावातले एक काका घाटातल्या सिग्नल केबिनमध्ये होते, त्यांना विचारून क्रम लिहून पाठवतो.

डेपोत_नवा

माणूस समोर नाही म्हणून कॉलिंग-ऑन शोभेचा राहतो, असं वर आलंय. त्यावर सिमरेल बघा. पोलंडचा गेम आहे. एका सर्व्हरवर कुणी गाडी चालवतं, तर कुणी स्टेशनात बसून सिग्नल देतं. जिथे माणूस नाही तिथे संगणक बसतो. मी बहुतेक वेळा केबिनमध्ये असतो. मुख्य सिग्नल देता येत नसेल तर पोलंडमध्ये लालसोबत लुकलुकणारा पांढरा दिवा देतात, त्यावर गाडीने ४० च्या आत वेग ठेवून यायचं. तो देताना माझे हात अजून थरथरतात, कारण त्या गाडीत खरोखरचा माणूस बसलाय आणि यंत्रणेने न केलेली तपासणी मी केलेली असते. पुढच्या स्टेशनाला फोन, गाडीचा नंबर, लाइन मोकळी असल्याची खात्री. मी उशीर केला की मागे तीन गाड्या उभ्या राहतात आणि चॅटमध्ये विचारणा सुरू होते.

लूपलाइन, तुम्ही लालच्या वजनाबद्दल लिहिलंत. मला ते इथे जाणवलं.

रिलेरूम

डेपोत_नवा, हात थरथरतात ते बरंय. आमच्या जुन्या मास्तरांचेही थरथरायचे.

सिमरेल मी पाहिलेलं नाही. त्यात केबिनमध्ये बसायला आधी काय शिकावं लागतं? पोलिश यायला हवं का? आणि साध्या लॅपटॉपवर चालेल का, ते सांगा.

डेपोत_नवा

काका, गेम इंग्रजीत खेळता येतो. सुरुवात छोट्या, कमी सांध्यांच्या स्टेशनापासून करा. लॅपटॉपचं मात्र अवघड आहे, ग्राफिक्स कार्ड बरं लागतं. तोवर ओपनटीटीडीची जेजीआर नावाची सुधारित आवृत्ती घ्या, ती साध्या मशीनवर चालते. तिच्यात गाड्यांना खरं ब्रेकचं अंतर देता येतं आणि दोनपेक्षा जास्त रंगांचे सिग्नलही. सेटिंगमध्ये गाडीच्या ब्रेकचा प्रकार 'वास्तव' करायचा. गाडी मग थांबायला लागेल तेवढा रस्ता आधीच राखते आणि जवळ जवळ लावलेले सिग्नल पूर्वीसारखे चालत नाहीत, त्यामुळे जुनं जाळं उघडण्यापेक्षा नवा नकाशाच सुरू करा.